नारळ फोडलेलं यंत्र

विद्यापीठाने डहाणूजवळचा हा मच्छीमारांचा पाडा दत्तक घेतला, तेव्हा पाड्याला कुणी विचारलं नव्हतं. दत्तक जाणाऱ्याला विचारायची पद्धत नसतेच. पण बाप प्रेमळ निघाला. त्याने मासळी सुकवायला काचेच्या छपराचं, उन्हावर चालणारं खोलीएवढं यंत्र दिलं. दारावरची मान्यवरांच्या नावांची पाटी यंत्रापेक्षा थोडीच लहान होती.

यंत्र आणलं रुपलने. पाड्यावरच्या विठाबाईची ही सून विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात शिकत होती. उघड्यावरची मासळी धुळीने, माश्यांनी खराब होते आणि व्यापारी भाव पाडतो, हे तिने तिथल्या सरांच्या मागे लागून लागून पटवलं होतं.

घोटाळा उद्घाटनाला झाला. कुलगुरूंनी दारात नारळ फोडला, समई लावली. तेव्हापासून बायका चपला बाहेर काढून आत जात, केर काढत, काच पुसत, एक फूल ठेवत. मासळी मात्र बाहेर, बांबूंवर. यंत्र इतकं स्वच्छ राहिलं की विद्यापीठात तशी एकही खोली नसेल.

उद्या सर पाहणीला येणार होते. यंत्र वापरात नसेल तर ते उचलून दुसऱ्या गावाला जाणार होतं.

“आय, आजचे बोंबील आत टाकू या,” रुपल म्हणाली.

“नारळ फोडलेल्या जागेत? बरी आहेस ना?”

“होडीला नाय फोडत नारळ? मग होडीत काय तुळस लावतो?”

शेजारची बुधीबाई फसकन हसली. “विठे, सून नाय, वकीलच आणलास तू.”

विठाबाई हसली नाही. तिने टोपली खाली ठेवली. “होडी आपली आहे. बिघडली तर माझा मितेश ठोकून सरळ करील. हे बिघडलं तर? कागदावर सही तुझी. ती मोठी माणसं तुलाच बोलतील. नारळाचं काय, धरलं आपलं एक कारण. सगळ्या बायांना मीच सांगितलं, हात लावू नका म्हणून.”

इतके दिवस रुपल या बायांना अडाणी म्हणत आली होती. मनातल्या मनात, शुद्ध मराठीत.

“बोलू देत मला,” ती म्हणाली. “मासळी सुकवून बिघडलं तर ऐकून घेईन. पुसून पुसून परत गेलं, तर नाय ऐकवणार.”

विठाबाईने तिच्याकडे बघितलं. मग टोपली उचलून तिच्या कमरेवर दिली आणि दुसरी स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांनी यंत्राचं दार उघडलं आणि तितक्याच घाईने रुमाल काढला. आत बोंबील दाटीवाटीने वाळत होते. एका काचेला बारीक चीरही गेली होती, बुधीबाईचं कोपर लागून.

“इथली जबाबदारी कुणाकडे आहे?” सरांनी रुमालातून विचारलं.

रुपलने तोंड उघडलं, तोवर सगळ्या बाया तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“आमच्याकडे,” विठाबाई म्हणाली. “काय बोलायचं ते आम्हाला बोला. तिची परीक्षा आहे.”