करदोड्याच्या गाठीपासून दोन बोटं

खोटं बोलून सुटलेली माणसं लीलाधरभाऊंनी पुष्कळ पाहिली होती. खरं बोलून अडकलेला माणूस मात्र त्यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, तोही दाढी करताना, आरशात.

आरोप असा होता की ते चोरून जिलबी खातात. आरोप करणारी त्यांची बायको सरुबाई, आणि पुरावा म्हणजे त्यांचं पोट.

दापोऱ्यात लीलाधर महाजनांची केळीची बाग आहे. साखरेचा आजार त्यांना नऊ वर्षांपासूनचा. आधी गोळ्या होत्या, दोन वर्षांपूर्वी इन्सुलिनची सुई लागली. सुई लागली तेव्हापासून या माणसानं काय काय सोडलं ते ऐकाल तर पाणी येईल डोळ्यांत. गुळाचा चहा सोडला. भात सोडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्खं गाव आमरसात बोटं बुडवत असताना हे गृहस्थ काकडी खात बसले. रोज सकाळी मित्र गिरधरला घेऊन मळ्यापर्यंत पायी जाऊन येऊ लागले. एवढं करून साखर उतरली का? छे. तीनशेच्या खाली यायला तयार नाही. डॉक्टर बिचारे दर वेळी आकडा बघून औषध वाढवत गेले, आणि सकाळचे बारा युनिट बघता बघता छत्तीसवर पोचले. पोटही वाढत गेलं, आणि तेसुद्धा धड नाही. चारचौघांचं पोट समोरून सुटतं, यांचं उजव्या अंगानं जास्त, बेंबीच्या खाली उंचवटा धरून. चाला, उपाशी राहा, लिंबूपाणी प्या, तो उंचवटा ढिम्म हलत नव्हता.

त्या पोटाचा हिशोब ठेवायला घरात टेप नव्हती. करदोडा होता. महाजनांच्या घरची जुनी रीत अशी, की पोळ्याला बैलांना नवी वेसण पडली की घरातल्या पुरुषांच्या कमरेलाही नवा करदोडा पडायचा. काळा दोरा सरुबाई स्वतः वळायची, स्वतः बांधायची, आणि गाठ नेमकी उजव्या अंगाला यायची. गेल्या पोळ्याला बांधता बांधता ती म्हणाली होती, “दोरा पुरत नई आता तुमाले. अजून चार बोटं वळा लागते.” तेव्हा ती हसली होती. मुंग्यांचं प्रकरण व्हायचं होतं अजून.

झालं असं, की होळीनंतर एका सोमवारी लीलाधरभाऊ गिरधरबरोबर शहरातल्या इतवारा पेठेत ठिबकचं सामान आणायला गेले. आता गिरधरला इतवाऱ्यात न्यायचं आणि मावा जिलबी न खाऊ घालता परत आणायचं, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलेलं नाही. गिरधरनं पावशेर जिलबी उभ्यानं हाणली, लीलाधरभाऊ शेजारी उभे राहून रस्त्यावरच्या गाई मोजत राहिले, आणि खाऊन झाल्यावर त्या उपटसुंभानं पाकाचा हात यांच्या खांद्यावर टाकून म्हटलं, “चाल रे भो.”

दुसऱ्या दिवशी सरुबाईनं धुवायला शर्ट उचलला, तर खांद्यावर मुंग्यांची रांग लागलेली.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं तो शर्ट त्यांच्यासमोर धरला, आणि मग साखरेचा डबा, गुळाची ढेप, पोरीनं पाठवलेले लाडू, सगळं पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

“अवं, तो गिरध्याचा हात होता,” लीलाधरभाऊ म्हणाले. “तापीमाईची आन घेतो. दोन वर्षांत जिलबीचा तुकडा बी नई खाल्ला मी.”

“माहा बाप बी तापीमाईचीच आन घेत होता,” सरुबाई म्हणाली.

तिच्या बापालाही हाच आजार होता. तो उशीखाली पेढे लपवायचा आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणायचा. शेवटी त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, आणि त्या पायाची पट्टी वर्षभर सरुबाईनं बदलली होती. तिला राग जिलबीचा नव्हताच. पुन्हा एकदा आपल्याला फसवून कुणीतरी मरणार, ही तिची भीती होती. लीलाधरभाऊंना हे कळत होतं, म्हणून तर ते जास्त खचले. पस्तीस वर्षं संसार केला, आणि आपल्या शब्दाला बायकोच्या लेखी कवडीची किंमत उरली नाही, हे त्यांना सुईपेक्षा जास्त टोचत होतं. तिनं वाढणं सोडलं नाही, पण समोर बसून गप्पा मारणं सोडलं. ताट ठेवायची आणि आत निघून जायची.

वैशाखात तिनंच फर्मान काढलं. “या खेपेले मी येते दवाखान्यात. डॉक्टराले तोंडावर सांगते, हा माणूस ऐकत नई म्हणून.”

ऑटोत दोघं शेजारी बसले, पण मध्ये पिशवी ठेवून. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, तीनशे बारा. त्यांनी पेन उचललं, मग थांबून म्हणाले, “वाढवायच्या आधी जरा आमच्या नव्या सिस्टरला भेटून या. सुई कशी घेता ते दाखवा तिला.”

चारुलता सिस्टर तिशीची असेल. तिनं पडदा ओढला आणि म्हणाली, “काका, घरी जशी घेता अगदी तशीच दाखवा. फक्त टोचायचं नाही.”

लीलाधरभाऊंना हुरूप आला. निदान एक काम तरी आपण चोख करतो, याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी शर्ट वर केला, चाचपून करदोड्याची गाठ शोधली, गाठीपासून दोन बोटं मोजली आणि त्या जागी बोट टेकवलं. “हे पाहा. आंधळ्यानं बी चुकू नये असा हिशेब. गाठ, दोन बोटं, अन् सुई.”

“रोज इथेच?”

“हाव. दोन वर्षं झाली. एक दिवस जागा चुकली नई. ठिबकचा ड्रिपर एकदा बसवला की बसवला, तो रोज उपटून दुसरीकडे लावत नई कोनी.” मग त्यांनी आवाज खाली आणून खरी कमाल सांगितली. “अन् पहिले दुखत होतं. आता तर सुई गेली हे बी समजत नई.”

सिस्टरनं त्या जागी दोन बोटं दाबून पाहिली. मग लीलाधरभाऊंचाच हात धरून आधी डाव्या बाजूला ठेवला, मग उजव्या. डावीकडचं पोट मऊ होतं. उजवीकडे कातडीखाली काहीतरी घट्ट, जाड, रबरी लागलं. दोन वर्षं ज्या पोटाशी त्यांचं भांडण चाललं होतं, त्याला त्यांनी कधी नीट हातच लावला नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “हा उंचवटा खाण्यानं आलेला नाही. सुईनं आलेला आहे. एकाच जागी रोज इन्सुलिन गेलं की तिथे चरबीची अशी गाठ धरते. तिथलं दुखणं कमी होतं म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण त्या गाठीतून औषध रक्तात नीट जातच नाही. कधी थोडं जातं, कधी भलत्या वेळी जातं. तुम्ही घेता छत्तीस, लागू पडतं किती, कुणाला माहीत!”

लीलाधरभाऊंनी पुन्हा एकदा ती गाठ दाबून पाहिली. मग हळूच म्हणाले, “म्हंजे ड्रिपर चोक झाला.”

“अगदी बरोबर.”

“अन् मी झाड सुकलं म्हणून पाणी वाढवत बसलो.”

सिस्टर हसली. सरुबाई हसली नाही. डॉक्टरांपुढे करायचं सगळं भाषण तिनं ऑटोत तयार केलं होतं, ते तोंडातच राहिलं. तिनं विचारलं, “बाई, म्हंजे यांनी जिलबी खाल्ली नई असं म्हणता तुमी?”

“काकी, ते मी कशी सांगू?” सिस्टर म्हणाली. “पण साखर चढायला जिलबीच लागते असं नाही. ही गाठ पुरेशी आहे.”

डॉक्टरांनी छत्तीसचे सव्वीस केले. नव्या जागी औषध पुरतं लागू पडेल, म्हणून आधीच कमी केलं, असं समजावून सांगितलं. उजवी बाजू आता काही महिने अजिबात वापरायची नाही, रोज जागा बदलायची, बोट टोचून मशीनवर रोज साखर बघायची, सुई घेतली की वेळेवर जेवायचं. “आणि साखर एकदम उतरू शकते,” ते म्हणाले. “घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर खायची. साखर कायम हाताशी ठेवा.”

सरुबाईचा हात पदराच्या टोकाकडे गेला. तिनं किल्ली मुठीत धरली, पण कुलपाचं काही बोलली नाही. अर्धा संशय अजून शिल्लक होता. बापानं तिला फारच पक्कं शिकवलं होतं.

सिस्टरनं कागदावर पोट काढून त्याचे चौकोन पाडून दिले होते. लीलाधरभाऊंनी तो कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला आणि त्याप्रमाणे सुया घेऊ लागले. नव्या जागी सुई टोचली, आणि चांगली टोचली. आई गं म्हणाले ते. तीन दिवसांत आकडा दोनशे दहावर आला. पाचव्या दिवशी एकशे साठ. सरुबाई रोज मशीन बघायची आणि आत निघून जायची.

आठव्या दिवशी सकाळी सुई घेऊन लीलाधरभाऊ भाकरीची वाट बघत ओट्यावर बसले होते, तोच मळ्यातून फोन आला. मेन लाइनचा पाइप फुटून केळीत तळं साचलं होतं. डॉक्टरांचा शब्द होता, सुई घेतली की जेवायचं. पण बागेत पाणी वाया जातंय म्हटल्यावर केळीवाल्याच्या पोटात घास जातो होय? गेले तसेच. तास-दीड तास चिखलात उभे राहून पाइप जोडला आणि घरी आले ते भिंत धरत. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती.

“सरू, साखर दे,” ते म्हणाले.

सरुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. एक क्षण, फक्त एक क्षण, तिच्या नजरेत तिचा बाप येऊन उभा राहिला. मग तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, ते बर्फासारखं गार होतं. धावत मशीन आणलं, बोट टोचलं. चोपन्न.

पदराची गाठ सोडायला गेली, तर ती सुटेना. दातांनी ओढली, तरी सुटेना. तेव्हा सरुबाईनं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पेटीच्या कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. तिनं तीन चमचे साखर पेल्यात ढवळली, त्यांचं डोकं धरलं आणि घोट घोट करून पाजली. ज्या हातानं साखर कुलपात घातली, त्याच हातानं.

पंधरा मिनिटं दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसून राहिले. नंतर मशीन ब्याण्णव म्हणालं. तिनं भाकरी आणि भाजी आणली, आणि बऱ्याच महिन्यांनी समोर बसली. लीलाधरभाऊंनी दोन घास खाल्ले तोवर ती रडायला लागली होती.

“आता कायले रडते? आलो ना वर.”

“चोपन्न,” ती म्हणाली. “इतकं कमी औषध, तरी चोपन्न. चोरून खाणाऱ्याची साखर चोपन्नवर येते का वो? तुमी खरंच नव्हती खाल्ली. मी तुमाले... माह्या बापाच्या पापाची सजा तुमाले देल्ली.”

आता मरता मरता वाचलेल्या माणसानं गंभीर व्हावं की नाही? पण लीलाधरभाऊंना हसू फुटलं. चोपन्नच्या आकड्यावर इतका खूश झालेला पेशंट त्या दवाखान्यानं पाहिला नसेल. छातीवरचा केळीचा अख्खा घड कुणीतरी उतरवून ठेवावा, तसं हलकं वाटलं त्यांना. त्यांनी उष्ट्या हातानंच तिचे डोळे पुसले, आणि तिनं ओरडायच्या ऐवजी पुसू दिले. संध्याकाळी दवाखान्यात फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी औषध आणखी उतरवलं आणि उपाशी मळ्यात गेल्याबद्दल मनसोक्त झापलं. तेसुद्धा त्यांनी आनंदानं ऐकून घेतलं.

गिरधरला मात्र सरुबाईनं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फिरायला बोलवायला आला, तर तिनं आधी तांब्या पुढे केला. “पहिले हात धुवा, गिरधरभाऊ. मंग याहीले हात लावा.”

उंचवटा एका दिवसात गेला नाही. पण महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडला, मग बसत गेला. औषध कमी झालं तशी जास्तीच्या इन्सुलिननं लागणारी अवेळीची भूक थांबली, आणि चालण्याचं चीज होऊन बाकीचं पोटही उतरू लागलं. सकाळी सरुबाई कॅलेंडरसमोर उभी राहून आज कुठल्या चौकोनाची पाळी ते सांगायची, आणि लीलाधरभाऊ मुकाट्यानं ऐकायचे.

पोळा आला. बैल धुऊन झाले, नव्या वेसणी पडल्या. सरुबाई नवा काळा दोरा घेऊन आली आणि त्यांच्या कमरेला लावून पाहिला. मागच्या मापानं वळला होता, तो चांगला पाच बोटं लोंबायला लागला. तिनं ती पाच बोटं कापली नाहीत. पदराच्या टोकाची गाठ सोडली, किल्ली काढली, आणि उरलेल्या दोऱ्यात ओवून गाठ मारली.

“अवं, कुलूप तर तू वरवंट्यानं फोडलं,” लीलाधरभाऊ म्हणाले. “आता ही किल्ली कायले?”

“राहू द्या,” गाठ घट्ट करत ती म्हणाली. “पुन्हा कधी मी तुमच्या बोलण्यावर शक घेतला, तर काही बोलू नका. हे काढून फक्त मले दाखवा.”