हलकं म्हणजे वजनाला हलकं

मी एक जुना ढकलगाडा आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका. लोखंडाचं वय गंजावरून ओळखावं आणि गप्प बसावं. शाळा माझ्या वाट्याला आली नाही. जे शिकलो ते ओल्या फरशीवर शिकलो. बोलणं जरा खडबडीत वाटेल, तेवढं सांभाळून घ्या.

एका वेल्डरनं मला मोडक्या खाटांच्या पाइपांतून बनवलं. तीन चाकं एका जातीची मिळाली, चौथं भंगारातून आणलं. म्हणून मला कितीही सरळ ढकला, मी डावीकडे ओढतो. वेल्डर म्हणाला, "चालतंय." त्या "चालतंय"वर मी जगात आलो.

माझी नेमणूक झाली एका धुलाई कारखान्यात. दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला येतात. कारखान्याच्या दोन बाजू. ओल्या बाजूला धुवायची दांडगी मशीनं, साबणाचं पाणी आणि पायांत गमबूट. कोरड्या बाजूला इस्त्री आणि चादरींच्या घड्या घालायचं लांब टेबल. मी ओल्या बाजूचा. पिळलेल्या चादरी माझ्यात टाकायच्या आणि मला वाळवायच्या मशीनपर्यंत न्यायचं. सुरुवातीला माझं फार कौतुक. आत्ताच्या मालकांचे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायचे, की बघा, एवढं ओझं बैलसुद्धा ओढायचा नाही. पुढे कोरड्या बाजूला निळा प्लॅस्टिकचा गाडा आला. त्याला रोज फडकं फिरायला लागलं, आणि मला कुणी तेलाचा थेंबही दाखवेना. रुसून तरी काय करणार? गाड्याला रुसून कोपऱ्यात जायचं तरी कुणीतरी ढकलायला लागतं.

मला ढकलायची ती धाकली. सगळ्यांत शेवटी कामाला लागली म्हणून बायकांनी तिला धाकली म्हटलं. मग तिच्यामागून किती बायका आल्या, तरी ही आपली धाकलीच. अंगानं काडी, पण हट्टाला पक्की. माझा दांडा पोटाशी घ्यायची, पाय रोवायची आणि म्हणायची, "चल रे बाबा." की मी निघालो.

एक दिवस तिनं दांडा पोटाशी घेतलाच नाही. बाजूला उभी राहून मला कमरेनं रेटायला लागली. मला वाटलं, माझ्या गंजाचे डाग साडीला लागतात म्हणून असेल. मग चादर उचलता उचलता तिचा हात पोटावर गेला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. डोकं नाही मला, पण जिथं असायला हवं होतं तिथं पडला.

घड्या घालणाऱ्या मावशींनीही ताडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी धाकलीला माझ्याच आडोशाला गाठलं. धाकलीनं सांगून टाकलं. चौथा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही. मागच्या खेपेला ती गप्प राहिली होती. मालक पडले पुरुषमाणूस, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून रोज ओल्या चादरी उपसत राहिली. ते मूल राहिलं नाही. कशानं, ते डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. पण हिच्या मनातून त्या चादरी काही जाईनात.

खेप म्हणजे इथून वाळवणीपर्यंतची फेरी, एवढंच मला ठाऊक होतं, मित्रांनो. त्या दिवशी दुसरी खेप कळली.

मावशींचं म्हणणं, इतक्यात वाच्यता करू नकोस. मागं इस्त्रीवालीनं सांगितलं, तर मालक गोड आवाजात म्हणाले, घरी आराम कर, मग बघू. ती बिचारी अजून बघतेय. धाकलीच्या घरी नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. तिचं काम गेलं तर चूल कशी पेटायची?

धाकलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मी मूलपण ठेवणार आणि कामपण ठेवणार."

मालक तसे वाईट नाहीत. पण मशीनांच्या घरघरीत वाढलेला माणूस. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनानं भरायचं, ही खोड. धाकलीनं आधी माझ्यासमोर तालीम केली. "मालक, मी पोटुशी आहे, मला हलकं काम द्या." मला ते पाठ झालं. मग मालक आले. सगळी मशीनं बोंबलत होती. लाजेनं तिनं वाक्याचा पुढचा तुकडा गिळला आणि मागचा तेवढा बाहेर आला, "मला हलकं काम द्या."

मालकांचा चेहरा पडला. ओली बाजू एकटीनं सांभाळणारी बाई, आणि हिला आता हलकं काम पाहिजे? त्यांना वाटलं, बाई कशावरून तरी फुगली. "देतो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या हातात झाडू दिला, बादली दिली आणि गटार घासायचा ब्रश दिला. "घे. हलकं काम."

टोमणा नव्हता हो त्यात. त्यांच्या डोक्यात हलकं म्हणजे तेच, जे कुणाला करायला नको असतं.

मावशींनी कपाळाला हात लावला. दिवसभर वाकायचं, भरलेल्या बादल्या उचलायच्या, तेही साबणाच्या फरशीवर. दुपारी धाकलीचा पाय सटकला. तिनं माझा दांडा धरला. मी गळ्यापर्यंत भरलेला, जागचा हललो नाही. ती तशीच धरून उभी राहिली, श्वास खाली बसेपर्यंत. मग तिनं झाडू माझ्यातल्या चादरींवर आडवा टाकला आणि मावशींना म्हणाली, "मशीनं बंद करा."

मावशींनी लाल बटण दाबलं. एवढी शांतता त्या कारखान्यात मी कधी ऐकली नव्हती. माझ्यातून गळणारं पाणी मलाच ऐकू येत होतं.

मालक धावत आले, कुठं काय जळलं म्हणून.

"मालक, मी पोटुशी आहे," धाकली म्हणाली. या वेळी तिनं काही गिळलं नाही. "चौथा महिना आहे. हलकं काम म्हणजे वजनाला हलकं. झाडू नव्हे."

मालक आधी झाडूकडे बघत राहिले, मग फरशीकडे. कान लाल झाले. "मग तसं सांगायचं ना. मला वाटलं, तुला ओल्या बाजूचा कंटाळा आला."

"कंटाळा आला म्हणून कुणी गटार मागतं का, मालक?" मावशी मागून म्हणाल्या.

मालकांनी घसा साफ केला. "बरं, असं कर. तू आता घरी आराम कर. मग बघू."

झालं. ते "मग बघू" आलंच. सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"आराम नको," धाकली म्हणाली. "मी आजारी नाही. दिवस भरेपर्यंत बसून घड्या घालीन. बाळ झालं की सुट्टी घेईन आणि परत ओल्या बाजूला येईन. माझी जागा माझीच राहील, हे आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

"आणि गाडा कोण ढकलणार?"

"अर्धा भरायचा आणि दोघांनी ढकलायचा. गच्च भरून एकटीनं ढकलायची पद्धत काढली कुणी?"

"आमच्या वडिलांनी."

"त्यांनी कधी ढकलला होता?"

मालकांना आठवेना. मला आठवत होतं, एकदाही नाही, पण मला विचारतो कोण? त्यांनी मान खाजवली, बायकांकडे नजर फिरवली. सगळ्या तशाच उभ्या होत्या, बटणाला कुणी हात लावेना.

"जागा तिची," मालक म्हणाले. "झालं समाधान?"

"इस्त्रीपर्यंत ऐकू नाही गेलं," मावशी म्हणाल्या.

"जागा तिची!"

मग मशीनं सुरू झाली. मी भरलेलाच होतो, तेव्हा त्या दिवशी मालकांनीच मला ढकललं. त्यांच्या चकचकीत बुटांत साबणाचं पाणी शिरलं, आणि मी डावीकडे जाऊन त्यांना भिंतीवर नेलं. थोडं मुद्दाम नेलं, खोटं कशाला बोलू?

धाकली दिवस भरेपर्यंत घड्या घालत होती. पोट टेबलाला लागायला लागलं, तसं मावशी तिचं स्टूल मागं सरकवत गेल्या. तिला मुलगी झाली. मावशी बघून आल्या, म्हणाल्या, आवाज मशीनच्या वरचा आहे. सध्या धाकली सुट्टीवर आहे. तिच्या जागी एक बदली बाई येते. मला अर्धा भरतात नि दोघीजणी ढकलतात. परवा बदली बाईनं भिंतीशी ठेवलेले धाकलीचे गमबूट पायांत घातले, तर मालक म्हणाले, "ते काढ. ती येणार आहे."

तर मित्रांनो, मी लोखंड. माझ्यावर किती लादता ते बघून लादा, कारण मला तोंड नाही. ज्यांना तोंड आहे, त्यांचं पुरतं ऐकून घ्या. आणि सांगायची पाळी तुमच्यावर आली, जीभ अडखळली, अर्धं वाक्य पोटात राहिलं, तर घरी जाऊन रडत बसू नका. परत जा. पुन्हा सांगा. धाकली दुसऱ्यांदा बोलली, म्हणून आज एक पोरगी कुठल्याशा घरात गळा काढून रडतेय आणि तिची आई तिला म्हणतेय, थांब गं, आले.