चैतीच्या गाडीतला पंप

मी पंप बोलतोय. रांग लावून तेल भरता तो नव्हे. चैतीच्या जुन्या डिझेल गाडीच्या पोटाखाली, टाकीशेजारी बसवलेला विजेचा छोटा पंप. टाकीतलं डिझेल पुढं ढकलायचं, हे माझं काम. इंजिनाजवळ मोठा पंप आहे. सपाटीवर तो एकटा निभावून नेतो. चढावर मात्र त्याला माझा हात लागतोच. तो कबूल करो न करो, मी सांगणार.

जन्म कारखान्यातला, पण जगणं कळलं ते चैतीच्या गावात, साखरशेतात. आधी गाडी चैतीचा नवरा जिव्या चालवायचा. ठाण्यात बांधकामावर पडून त्याचा डावा पाय अधू झाला आणि क्लच दाबणं संपलं. मग चैतीनं चावी उचलली. जव्हार ते मोखाडा माणसं, नाचणीची पोती, कोंबड्या, सगळं नेऊ लागली. "बाई चालवते, आम्ही नाय बसत," म्हणणारे रस्त्यावर ताटकळले आणि चार दिवसांनी गुपचूप मागच्या सीटवर येऊन बसले.

यंदा पावसाळा सरला आणि माझा आवाज बंद झाला. गाडी सपाटीला धावायची अन् घाटाच्या चढावर जीव टाकायची. बायांनी उतरून धक्के मारले. शेवटी जिव्या म्हणाला, "भंगारवाल्याला सांगून ठेवलाय. उद्या गाडी नेल."

"मना न इचारता?" एवढंच म्हणून चैतीनं गाडी तशीच रखडत जव्हारला तुषारच्या गॅरेजात आणली. जिव्याही चडफडत सोबत आला.

तुषारनं चावी फिरवायला लावली, गाडीखाली शिरून माझ्याकडे कान लावला. मी गप्प. त्यानं पान्यानं हलकेच ठोकलं. तरी गप्प.

"वयनी, पंप मेला."

मला संताप आला. पण वीजच पोचत नव्हती, तर बोलणार कसा?

"मेला का उपाशी हाय, ते तं बघ," चैती म्हणाली. "चावी फिरवली का मागून घुरघुरायचा. एकदम कसा मरल? बॅटरीचा करंट थेट दे त्याला."

तुषारला पटलं. फ्यूज बघितला, तो शाबूत. मग माझ्या पुढची नळी सोडवून रिकाम्या बाटलीत धरली आणि बॅटरीपासून दोन वायरी ओढून मला लावल्या.

मी असा गरजलो की अंगावरचा वाळका चिखल तुषारच्या तोंडावर पडला! बाटलीत डिझेलची जाड धार, बुडबुडा एक नाही.

"आयला, हा तं जिता हाय!"

दोष निघाला अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीत. चिखलपाण्यानं ती कुजली होती. तुषारनं गंज खरवडून नवी वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट आवळली.

जिव्या तरी म्हणालाच, "घाटात बघू."

चैतीनं गाडीत बाजारच्या बाया गच्च भरल्या आणि ऐन चढावर मुद्दाम गाडी थांबवली.

"येडी झालीस का? इथं कशाला?"

"बघ आता."

तिनं पहिला गिअर टाकला. मी जीव तोडून डिझेल रेटलं. गाडी जागची उठली आणि न अडखळता माथ्यावर गेली. मागच्या बाया ओरडल्या. जिव्यानं भंगारवाल्याला फोन लावला. "शेठ, येऊ नको. मना गाडी नाय इकायची."

"तुझी हाय का ती?" चैतीनं समोर बघतच विचारलं.

जिव्या घुटमळला. मग फोनात म्हणाला, "गाडी चैतीची हाय, शेठ. तिला इचारल्याबिगर येऊ नको."

आज माझ्या अंगावर गंज आहे, आवाज घोगरा झालाय. दया नको. टाकी कोरडी पडू देऊ नका, फिल्टर वेळेवर बदला, एवढंच करा. आणि उद्या मी पुन्हा गप्प झालो, तर आधी वीज द्या, धार बघा, मग काय ते बोला. नुसत्या कुणाच्या म्हणण्यावर मी इथून हलणार नाही.