उलट्या शिवणीचा पाणघोडा

मित्रांनो, मी एक जुना पाणघोडा आहे. खरा नव्हे हो, कापडाचा. अंगात घालायचा. दोन बारके कान, एक आखूड शेपटी, आणि पोट म्हणाल तर घालणाऱ्याचं असेल तेवढंच. माझी सगळी शिवण बाहेरून आहे. तुमच्या शर्टाची जी बाजू तुम्ही कुणाला दाखवत नाही, ती मी जगाला दाखवत फिरतो. नवा होतो तेव्हा याची मला इतकी लाज वाटे, की कुणी दार उघडलं तरी वाटायचं, खुर्चीखाली सरकावं.

माझा जन्म चिमीच्या मावशीच्या शिलाई मशीनवर झाला. चिमी स्वमग्न मुलगी. बोलते थोडंच, पण तिच्या कातडीला आणि कानांना सगळं फार मोठ्यानं कळतं. कॉलरमागची कापडी चिठ्ठी तिला काट्यासारखी टोचते. मोज्याची शिवण बोटावर आली की चालणंच बंद. पाणघोडा मात्र तिचा जीव की प्राण! का, तर पाण्यात बुडी मारताना तो कान मिटून घेतो. हे आईनं तिला चित्रांच्या पुस्तकातून वाचून दाखवलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

शाळेत नदीवरचं नाटक बसवायचं ठरलं. बाईंनी विचारलं, पाणघोडा कोण होणार? एरवी मान वर न करणाऱ्या चिमीनं हात वर केला. आईनं लगेच मावशीला फोन लावला. "अगं, तिनं हात वर केला! स्वतःहून!" आणि तिला पाणघोड्याचा पोशाख शिवायला सांगितला.

मावशीनं चिमीपुढे कापडांचा ढीग टाकला. साटीन, मखमल, जाळी. चिमी एकेक कापड गालाला लावायची आणि भिरकावून द्यायची. शेवटी तिनं पलंगावरची, धुऊन धुऊन विरविरीत झालेली करडी चादर ओढली. "हे," ती म्हणाली.

"घ्या! इतका पसारा मांडला आणि बाईसाहेबांना आवडली माझी चादर," मावशी म्हणाली.

असं माझं खानदान. मावशीनं टाके बाहेर ठेवले. चेन नाही, रबर नाही, पुढे नुसते बांधायचे बंद. टोपीत कानांवर जुन्या रजईचा कापूस. चिमीनं मला घातलं, टोपी खाली ओढली आणि म्हणाली, "कान मिटले." त्यानंतर ती जेवायला बसली तरी मी अंगात आणि झोपली तरी मी अंगात.

ती आत सुखात होती आणि बाहेर मी शरमेनं अर्धा झालो होतो. तालमीला मगरीच्या अंगावर चमचमते खवले, बगळ्याला पांढरी पिसं, आणि मी हा असा! मगर म्हणालीच, "ए, पाणघोडा उलटा घातलाय!" सगळे फिदीफिदी हसले. चिमीला त्याचं काहीच नव्हतं. दारात उभ्या असलेल्या आईचा चेहरा मात्र खाडकन उतरला. मी मनात म्हणालो, चिमीच्या आई, तुमचं आणि माझं दुखणं एकच.

नाटकाच्या आदल्या दिवशी आईनं मला सुलटा केला, कडक इस्त्री केली आणि गळ्याला एक चकाकती झालर लावली.

"ताई, शिवण आत गेली की टोचते तिला," मावशी म्हणाली.

"एक दिवस गं! सगळी शाळा येणार. लोक काय म्हणतील, आईला धड कपडाही घालता येत नाही मुलीला?"

आणि मी? मी आनंदानं फुगलो. एकदाचा चारचौघांत मिरवणार होतो.

चिमीनं मला घातलं, कारण मी तिचा पाणघोडा होतो. विंगेत ती खांदे आखडून उभी राहिली. तिकडे ढोल वाजला, मगर गेली, बगळा गेला. आपली पाळी आली तशी चिमी जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी मला ओरबाडत किंचाळली, "टोचतं! टोचतं!"

पहिल्या रांगेतून आवाज आला, "फार लाडावून ठेवलंय पोरीला."

आई धावत आली. "चिमी, शू! लोक बघतायत!" असं म्हणत तिनं माझे बंद सोडले आणि तिला चिमीची मान दिसली. लाल वळ उठला होता. झालरीखाली, गोलाकार. तो मी उठवला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी चिंध्या करून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं झालर दातांनी तोडली. मला उलटवलं. चिमीनं मला गालाला लावलं, पण अंगात घालेना. तिनं हळूच आईच्या कुर्त्याच्या गळ्यात बोट घातलं. तिथली चिठ्ठी चाचपली.

"टोचतं?" तिनं विचारलं.

आईचे डोळे भरले. "हो गं राणी. मलाही टोचतं."

ती पडद्याच्या घडीत शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिचा कुर्ता उलटा होता. शिवण बाहेर, दोरे बाहेर, मानेमागे चिठ्ठी लोंबत होती.

बाई दचकल्या. "अहो, कुर्ता उलटा घातलाय तुम्ही!"

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

चिमीनं मला घातलं. दोघी हात धरून रंगमंचावर गेल्या. कुणीतरी हसलं. चिमीनं टोपी खाली ओढली, नदीच्या निळ्या कापडात बसली आणि पाणघोड्यानं वासावा तसा भला मोठा आ वासला.

चिमी आता उंच झाली. मी शाळेच्या कपाटात असतो. कोपरं विरली आहेत, एक कान कधीच गळाला. तरी ज्या मुलांना बाकी काही सोसत नाही, ती मलाच मागतात. मित्रांनो, कुणी एखादा कपडा नको म्हणून रडलं, तर रागावण्याआधी आतून हात फिरवून बघा. आणि मला धुतलंत तर नुसत्या पाण्यात धुवा, वासाची पावडर नको.

शिवणीची लाज मला आता वाटत नाही. त्या एका दिवशी मी सुलटा होतो, त्याची मात्र अजून वाटते.