गळ्याशपथ

माझ्या लेकीच्या, सानिकाच्या शाळेत जुन्या वसाहतीची लुटुपुटीची विधानसभा भरायची होती, आणि नेमका तिच्या आदल्या दिवशी माझा डच नागरिकत्वाचा शपथविधी आला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ट्राममध्ये ही पोरगी माझ्या कानाशी भाषण घोकत होती. इंग्रज अमलातलं कुठलंसं उसाच्या मळ्यांचं बेट. तिथल्या न्यायाधीशांनी फक्त राजाशी इमान राखायची शपथ घ्यावी, की प्रजेचे इंग्रजी कायद्यातले हक्क जपायचीही, असा वाद. शपथ एकतर्फी कशी चालेल, हा तिचा मुद्दा. बाहेर धुकं, आत ऊब. माझे डोळे मिटले.

स्वप्नात त्या बेटावरचं सभागृह पाण्यावर तरंगत होतं. पांढऱ्या केसांचे टोप घातलेले सभासद हातात मेणबत्त्या धरून बसले होते. दारात माझे वडील उभे. सातारच्या कोर्टात पुकारे करण्यात नानांचा जन्म गेला, तसाच पुकारा त्यांनी इथेही केला. "प्रमोदिनी मनोहर, हाजिर हो!"

मग सभेकडे वळून म्हणाले, "हिच्यावर आधीचीच एक शपथ आहे."

होतीच. लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा विमानतळावर त्यांनी मला गळ्याची शपथ घातली होती. "तिथलीच होऊन बसणार नाही, म्हण." मीही शहाणी, गळा चिमटीत धरून म्हटलं! आता आज शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करायचा. नानांना कळवलं, तर नुसतं "बरं" म्हणाले. ज्यानं शपथ घातली त्यानंच सोडवायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सोडवा म्हणायचा मला धीर झाला नव्हता.

"आणि यांनी स्वतः हिच्यासाठी कोणती शपथ घेतली?" एका सभासदानं विचारलं. नाना खाली बघू लागले. मेणबत्त्या एकेक करून पाण्यात उतरल्या.

"आई, यू वर टॉकिंग!" सानिकानं हलवलं. उतरता उतरता मी तिला सगळं सांगून टाकलं.

गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात माझं नाव पुकारलं. सानिकानं फोन उंच धरला होता. पडद्यावर नाना, इस्त्रीच्या सदऱ्यात. शपथ देणाऱ्या बाईंनी प्रतिज्ञा वाचली. मी तोंड उघडलं आणि हात आपोआप गळ्याकडे गेला. चिमटी बसली, शब्द फुटेना. बाईंना वाटलं ठसका लागला. त्यांनी पाणी पुढे केलं.

नानांना बरोबर कळलं. "सुटली गं," ते म्हणाले. "शपथ सुटली. बोल आता."

इतक्या सहज? इतकी वर्षं जपलेली! मला सुटल्याचा आनंद झाला नाही, टाकून दिल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले.

"अँड यू, आजोबा?" सानिका फोनला म्हणाली. "तुमची शपथ काय?"

जन्मभर साक्षीदारांना शपथा घेताना पाहिलेला तो माणूस गोंधळला. मग त्यांनी हळूच आपल्या गळ्याची सैल कातडी चिमटीत धरली.

"तू कुठलीही हो. मी तुला परकी म्हणणार नाही. गळ्याशपथ."

मी डचमध्ये, स्पष्ट आवाजात वचन दिलं. टाळ्या झाल्या, फुलं मिळाली. व्यासपीठावरून उतरून मी फोन हातात घेतला, तरी नानांनी चिमटी सोडली नव्हती.