झेंडूचा श्रावण

सर्वेश बोटीवर गेला की घरात दोनच माणसं उरायची, त्याची आई आनंदीबाई आणि बायको राजश्री. शिवाय हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी, आणि टाकीत एक कोरल, म्हणजे अनेक तोंडांचं जिवंत प्रवाळ. त्याची बडदास्त जावयासारखी.

कोरल नारिंगी रंगाचं, म्हणून आनंदीबाई त्याला झेंडू म्हणायच्या. इतर कोरलं बरीचशी उजेडावर भागवतात. याला हाताने भरवावं लागतं, तेही प्रत्येक तोंडात वेगळं. आधी कोलंबीचं पाणी टाकीत सोडायचं. वासाने तोंडं उमलली की ड्रॉपरने एकेकाला बारीक तुकडा द्यायचा, आणि वर कापलेली बाटली उपडी ठेवायची, नाहीतर टाकीतले मासे घास पळवतात. एक दिवसाआड हा सोहळा. हौस सर्वेशची, निस्तरायचं राजश्रीने.

श्रावणात या घरात मासळीचा वाससुद्धा चालत नसे. राजश्रीने तोड काढली होती. कोलंबी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, कापाकापी गॅलरीत, भरवून झालं की डोक्यावरून अंघोळ आणि मगच स्वयंपाकघर. आनंदीबाई तेवढा वेळ नाकाला पदर लावून देवापुढे बसत.

अशात चिपळूणहून राजश्रीच्या भावाचा फोन आला. आई न्हाणीत घसरली, पाय मोडला, येऊन राहा थोडे दिवस. राजश्रीने सर्वेशला कळवलं.

"अरे बापरे," सर्वेश म्हणाला. "मग कोरलला कोण भरवणार? एका दिवसात जाऊन ये ना."

राजश्रीने फोन ठेवला आणि ड्रॉपर धुवायला घेतला. हे निमूट कामाला लागणं आनंदीबाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शेतात लावणी चालू होती, आणि ती उरकल्यावर जा, असं सासऱ्यांनी सांगितलं होतं. त्या पोचल्या तेव्हा वडील गेलेले होते.

"जा गो तू," त्या म्हणाल्या. "चांगली रहा आठ दिवस. झेंडवाला मी घालते."

"पण आई, श्रावण..."

"घालते म्हटलं ना!"

काय घालणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. राजश्री गेल्यावर त्यांनी मऊ वरणभात कुस्करला आणि ड्रॉपरने झेंडूला दिला. घर श्रावण पाळतं, तर घरात राहणाऱ्यानेही पाळावा, असा सरळ हिशेब. झेंडूला तो मान्य नव्हता. तोंडं मिटलेलीच राहिली. पाणी गढूळ झालं, आणि दोन-तीन दिवसांत नारिंगी अंग आक्रसून कडेला पांढरं हाड दिसायला लागलं.

आनंदीबाई घाबरल्या. कोरलचं त्यांना तेवढं सोयरसुतक नव्हतं. पण ते मेलं तर 'माहेरी गेलीस म्हणून मेलं' हे राजश्रीला जन्मभर ऐकावं लागणार होतं, आणि मग ती चिपळूणचं नाव काढायची नाही.

त्यांनी शितं वेचून काढली, सर्वेशने भरून ठेवलेल्या कॅनमधलं खारं पाणी घालून टाकीतलं थोडं बदललं, आणि शेजाऱ्यांच्या फ्रीजमधली कोलंबी संपलेली, म्हणून गॅलरीतून हौसा मासेवालीला हाक मारली. श्रावणात आनंदीबाईंच्या दारात मासळीची पाटी! समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालायच्या विसरल्या.

"बाय, श्रावण ना तुझा?" हौसाने विचारलं.

"माझा हाय. ह्येचा नाय."

कोलंबी त्यांनी स्वतः सोलली. पाणी टाकीत सोडलं आणि खुर्ची ओढून बसल्या. कितीतरी वेळाने एक तोंड उघडलं, मग शेजारचं. ड्रॉपरने एकेकाला तुकडा देताना त्यांनी एकही तोंड वगळलं नाही. नंतर अंघोळ करून देवापुढे गेल्या. माफी वगैरे मागितली नाही, नुसता दिवा लावला.

राजश्री परतली तेव्हा झेंडू फुलला होता. सासूबाईंची बोटं तिने बघितली. लिंबू चोळचोळून सालटं निघाली होती. तेवढ्यात फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"पोचलीस? कोरल उघडलंय ना?" सर्वेशने विचारलं.

आनंदीबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला.

"आधी तुझ्या सासूचा पाय कसा हाय ते विचार," त्या म्हणाल्या. "नायतर उद्यापासून झेंडवाला परत वरणभात."