पॅरिसची तालीम बेडशाला

लोणावळ्यात त्या काळी सगळं जग हवापालट करायला येई. मुंबईचे दमेकरी यायचे, खोकणारे वकील यायचे, बाळंतपणातून उठलेल्या पुण्याच्या सुना यायच्या. लीलाबाईच्या खानावळीत पाटावर बसून पंधरा दिवस जेवायचे आणि गालांवर रंग घेऊन परत जायचे. नवरा गेल्यावर तिने ही खानावळ काढली, त्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लीलाबाईची हवा मात्र कोणी पालटली नव्हती.

मग एका साहेबाच्या बंगल्यात लिलाव झाला. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. लीलाबाई गेली होती मोठं पातेलं बघायला. पातेलं दुसऱ्याच कोणी नेलं आणि तिच्या हाती लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक आलं. युरोपातली मोठाली शहरं प्रवाशाने आपली आपण कशी पाहावीत, ते त्यात सांगितलं होतं. इंग्रजी ती पाहुण्यांच्या औषधांच्या बाटल्यांवरून शिकली होती, त्यामुळे "जेवणानंतर" आणि "हलवून घ्यावे" एवढं तिला पक्कं येई. बाकीचं ती कोश मांडीवर घेऊन वाचू लागली.

पुस्तक पंचवीस वर्षं जुनं होतं. त्यात व्हिएन्नाला अजून बादशहा राज्य करत होता. लीलाबाईने समासात पेन्सिलीने लिहिलं, "हा गेला. वाडा असेलच."

दोन वर्षं तिचा बेत चालला. दुपारी खरकटी निघाली की ती नकाशा पसरायची. अंतरं ती मावळाच्या मापाने मोजायची. रोमच्या स्टेशनापासून मोठ्या देवळापर्यंत म्हणजे वलवणला जाऊन यावं इतकं. पॅरिसच्या चित्रांच्या राजवाड्याला एक दिवस पुरणार नाही, दोन धरावेत. फ्लॉरेन्सपुढे तिने लिहिलं होतं, "अंडं टाळणं कठीण." बोटीची नि गाड्यांची वेळापत्रकं मुंबईहून मागवून शिवून ठेवली होती. तुंगार्लीकडची जागा विकून पैशाचाही प्रश्न मिटवला होता. उरला होता प्रश्न एका सहीचा. पासपोर्टाच्या अर्जाखाली जबाबदार माणसाची सही हवी होती, आणि लोणावळ्यात जबाबदार माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ महिपती, याबद्दल महिपतीची स्वतःची खात्री होती.

महिपती रेल्वेत तारमास्तर होता, आता बहिणीकडेच राहायचा. पेन्शनीत आल्यावरही तो दोन शब्दांच्या जागी तीन वापरत नसे. पण या बाबतीत त्याने बरेच वापरले.

"आगबोट कंपनीची सहल निघते की. सव्वीस माणसं, पुढे एक गोरा झेंडी घेऊन. तो थांबला की थांबायचं, तो निघाला की निघायचं."

"दादा, अठरा वर्षं मी घंटा वाजवून माणसं जेवायला बसवलीत. मला दुसऱ्याच्या घंटेवर उठायचं नाही."

"तिथे मराठी कोणाला कळणार तुझी?"

"चिठ्ठी दाखवीन."

"चिठ्ठी," महिपती म्हणाला. "बरं. मग आधी बेडशाची लेणी बघून ये. एकटी. इथून निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मान हलव, बोट दाखव, चिठ्ठी दाखव. पॅरिसला तरी दुसरं काय करणार आहेस? जमलं तर सही करतो."

"आणि मी बोलले की नाही, हे तुला कोण सांगणार?"

"तूच सांगशील. खोटं जमलं असतं तर खानावळीच्या दुधात पाणी घातलं असतंस."

ठरलं. सोमवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून, लाल पुस्तक आणि पाण्याचा तांब्या पिशवीत टाकून लीलाबाई तोंड मिटून निघाली. लोणावळा स्टेशनावर तिने "कामशेत, जाऊन-येऊन" अशी चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली. तिकीटबाबू तिच्याकडेच जेवायचा. त्याला वाटलं, दाढ दुखतेय. तिकिटाबरोबर त्याने लवंगेचं तेल लावायला सांगितलं.

कामशेतला उतरल्यावर एक बैलगाडी दिसली. गाडीवान गेणू चाकाला वंगण घालत होता. लीलाबाईने दुसरी चिठ्ठी पुढे केली. तीवर सुवाच्य अक्षरात "बेडसे लेणी" असं लिहिलं होतं. गेणूला वाचता येत नव्हतं. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं, पोथीएवढ्या लाल पुस्तकाकडे पाहिलं आणि मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग हात पुसून त्याने चिठ्ठी कपाळाला लावली आणि मुंडाशात खोवली.

"मौन धरलंय जनू माईनं. लेन्यातल्या द्येवीला निघालाय व्हय?"

आणि तेव्हा कुठे लीलाबाईच्या ध्यानात आलं की चातुर्मास चालू आहे. आश्विन लागला होता. कोणी बाई वांगं सोडते, कोणी पान सोडते, कोणी बोलणं सोडते. दोन वर्षं तिने तीन देशांच्या सणांचे दिवस टिपून ठेवले होते, कारण त्या दिवशी संग्रहालयं बंद असतात. आपल्या घरचं पंचांग मात्र तिने उघडून पाहिलं नव्हतं.

तिने मान हलवली. दुसरं काय करणार?

गाडी करुंजच्या वाटेने निघाली. लोंब्या धरलेली भाताची खाचरं दोन्ही बाजूंना होती. वाटेत जो भेटेल त्याला गेणू सांगत होता, "मौनातली माय हाय, द्येवीला चाललीया." बेडशाला पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. सरुबाई नावाची एक ठसठशीत बाई दारात पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिने लीलाबाईच्या पायांवर पाणी घातलं, घोंगडी अंथरली. चुलीवर भाकरी फुगत होती, पाट्यावर खुरासणीची चटणी वाटून झाली होती. लीलाबाईच्या पोटात कावळे कोकलत होते. पण व्रताच्या बाईला भाकरी कशी चालेल? सरुबाईने तिच्यापुढे एक उकडलेलं रताळं आणि पेलाभर दूध ठेवलं. लीलाबाईने चटणीकडे बोट दाखवलं. सरुबाईने कानांना हात लावून चटणी पलीकडे सरकवली.

"माझ्या हातनं पाप नगं, माय."

मग सरुबाई तिला डोंगरावर घेऊन गेली. मागून तिची लेक नंदा आली. विशीची, काटकुळी, खाली मान घालून चालणारी. ती सबंध चढणीत एक अक्षर बोलली नाही. तिचं कसलं व्रत होतं कोण जाणे.

लेण्याशी पोचल्यावर लीलाबाई थबकली. समोर नुसता कातळ, आणि मधून एक माणूस जाईल एवढी फट. फटीतून आत शिरावं तो एकदम मान मागे टाकावी इतके उंच खांब. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल गुडघे मुडपून बसलेले, आणि त्यांच्या पाठीवर बाया नि बाप्ये, दागिने घालून, कुठेतरी निघाल्यासारखे. लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर हे होतं आणि ती रोमचे खांब मोजत बसली होती.

तिच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. हे वर कसे चढले? आधी माथा कोरला की आधी पाया? ही बाई निघालीय कुठे? सरुबाईला यातलं काही ठाऊक असेल का? वर्षानुवर्षं गुरं घेऊन येते, काहीतरी ऐकलं असेल. पण विचारायचं कसं? मानेने विचारता येत नाही. मानेने फक्त उत्तर देता येतं.

आणि उत्तरच तिच्याकडे मागितलं गेलं. सरुबाई तिच्यासमोर बसली, पदर पसरला.

"माय, ही माझी लेक. सासरहून आली त्याला दोन वर्सं झाली. आता तितनं मानूस आलाय न्यायाला, वसरीवर बसून हाय. ही तर तोंड उघडत न्हाई. मला बी काय सुचंना. तुमी मौनातल्या, तुमचं खोटं व्हायचं न्हाई. धाड म्हनाल तर उद्या धाडते. नगं म्हनाल तर ऱ्हाऊ दे. निस्ती मान हलवा."

लीलाबाईने नंदाकडे पाहिलं. नंदाने खांबाची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती. मान उभी हलवली तरी अट मोडत नव्हती. आडवी हलवली तरी मोडत नव्हती. नुसतं गप्प बसलं तर सही नक्की होती, बोट होती, रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, पॅरिसचे दोन दिवस होते. ती त्या घोड्यांकडे पाहत राहिली. ते कशाला सल्ला देतात!

"सरुबाई," ती म्हणाली, आणि कातळात तिचाच आवाज घुमून परत आला, "मला काय कळतंय? मी व्रतातली नाही. मी पॅरिसला जायची तालीम करतेय."

सरुबाई दोन हात मागे सरली. मग हळूच म्हणाली, "आन गेणूनं मुंडाशात घातलीया ती चिट्टी?"

"त्यावर तुमच्या गावाचं नाव आहे. एवढंच."

कोणीतरी फिस्सकन हसलं. नंदा होती. सरुबाईने चमकून तिच्याकडे पाहिलं, दोन वर्षांत हा आवाज ऐकला नसावा.

"तिलाच विचारा की," लीलाबाई म्हणाली.

"ती बोलत न्हाई, बाई."

"मी तरी सकाळपासून कुठे बोलत होते?"

सरुबाईने पदर गोळा केला. लेकीकडे वळली. "नंदे, जातीस का गं?"

"न्हाई जायाचं मला," नंदा म्हणाली. सरळ, स्पष्ट.

"मग दोन वर्सं का गप ऱ्हायलीस?"

"इच्यारलं का कुनी?"

उतरताना तिघीही बोलत होत्या. सरुबाईच्या आज्याने सांगितलं होतं की ही लेणी एका रात्रीत कोरली आणि कोंबडा आरवला म्हणून एक खोली अर्धीच राहिली. पॅरिस घाटाखाली आहे का, हे सरुबाईला जाणून घ्यायचं होतं.

"घाटाखाली, आणि मग समुद्रापलीकडे."

"तितं बी अशाच मुक्यानं जानार? नगा जाऊ. तितल्या बाया तुमाला द्येव करून बसवतील आन निस्तं दूध पाजतील."

सरुबाईच्या घरी पोचल्यावर लीलाबाईला दोन भाकऱ्या आणि चटणी मिळाली.

संध्याकाळी लोणावळ्याच्या फलाटावर महिपती घड्याळ हातात घेऊन उभा होता. कोणी विचारायच्या आत लीलाबाईने सांगितलं, "बोलले. पुष्कळ बोलले."

"अट म्हणजे अट," महिपती म्हणाला.

"हो. हरले मी."

तो घड्याळ खिशात टाकून चालू लागला. दारात म्हणाला, "खांबांवर घोडे आहेत म्हणतात, खरं का?"

"तू नऊ वर्षं कामशेतला तारेवर होतास. बघितले नाहीस?"

"ड्यूटी असे," महिपती म्हणाला आणि आत गेला.

लीलाबाईने अर्ज फडताळात ठेवून दिला. पण हात स्वस्थ बसेना. लाल पुस्तकाच्या चालीवर तिने बेडशाचं एक पान लिहून काढलं. "कामशेत: गेणूची गाडी करावी, चिठ्ठी दाखवू नये. बेडसे: सरुबाईच्या घरी विचारावे. उत्तर लांबते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. दूध दिल्यास भाकरी मागावी. लेणी: मान दुखेपर्यंत वर पाहावे." पान टेबलावर राहिलं.

पुढल्या सोमवारी सकाळी ते पान टेबलावर नव्हतं, आणि महिपतीही घरात नव्हता. तो संध्याकाळच्या गाडीने आला, गुडघ्यापर्यंत चिखल, धोतराला चटणीचा डाग. बसला, पाय चेपू लागला.

"नंदा?" लीलाबाईने विचारलं.

"घरीच आहे. न्यायला आलेला हात हलवत गेला. सरुबाई म्हणाली, तुमीच का ते सही न देनारं भाऊ." त्याने खिशातून ते पान काढलं. "तुझ्या पानात एक उणीव आहे. बाया कशा बसल्यात, ते लिहिलं नाहीस."

"कशा बसल्यात?"

"ऐटीत. पडतील अशी भीती एकीलाही वाटत नाही. सरुबाईला विचारलं, कुठे निघाल्यात म्हणून. ती म्हणाली, त्येंनाच इच्यारा." त्याने हात पुढे केला. "दौत आण."

त्याने सही केली, तारमास्तराच्या बारीक, एका ओळीत बसणाऱ्या अक्षरात. टिपकागद दाबता दाबता त्याने लाल पुस्तक जवळ ओढलं, व्हिएन्नाचं पान काढलं, समासातली पेन्सिल वाचली.

"हा बादशहा गेला म्हणतेस. मग त्या एवढ्या मोठ्या वाड्यात आता राहतं कोण?"

"मला काय ठाऊक, दादा," लीलाबाई म्हणाली. "विचारून येते."